अर्ध्या मिनिटाचे संगीत

घरात नुकतेच बोलू लागलेले एखादे मूल असते. त्यास अक्षरओळख नसते. बाजारातील वस्तूंची नावेही ठाऊक नसतात. तथापि शेजारच्या खोलीतून साबणाच्या किंवा दुधाच्या जाहिरातीची चाल ऐकू आली, की ते हातातील खेळणे टाकून तिकडे धावते आणि बोबड्या बोलांनी ती चाल गुणगुणू लागते. घरातील आजोबांना विचारावे, तर त्यांनाही तरुणपणी चित्रपटगृहात ऐकलेली एखादी जाहिरात सुरांसकट पाठ असते. ती वस्तू कदाचित दुकानातून केव्हाच नाहीशी झालेली असेल. पण चाल मात्र मनातून गेलेली नसते.

कवितेखाली कवीचे नाव छापलेले असते. चित्रपटातील गीतांना संगीत कोणी दिले, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. जाहिरातीच्या चालीस मात्र धनी नसतो. ती कोणी रचली, असे कोणी विचारीतही नाही. जणू काय ती साबणाबरोबर वेष्टनात गुंडाळूनच आलेली असावी! परंतु अशी प्रत्येक चाल कोणीतरी एकांतात बसून, बोटांवर मात्रा मोजून, कागदावर स्वर मांडून तयार केलेली असते. भारतात जाहिरातपटासाठी प्रथम संगीत रचण्याचा मान ज्यांच्याकडे जातो, ते वनराज भाटिया अशा रचनाकारांपैकी एक होत. त्यांनी जाहिरातींसाठी सात हजारांहून अधिक चाली रचल्या, असे सांगतात. त्यांचे नाव ठाऊक नाही अशा लक्षावधी लोकांना त्यांचे सूर मात्र ठाऊक आहेत.

वनराज भाटिया ह्यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी कुटुंबात झाला. न्यू एरा ह्या शाळेत असताना त्यांना हिंदुस्थानी संगीताचे धडे मिळाले. त्यांचा ओढा त्याच वाटेने वाढला असता. परंतु किशोरवयात त्यांच्या कानांवर रशियन संगीतकार चायकोव्हस्की ह्यांची पियानोसाठी रचलेली एक भव्य रचना पडली. एकीकडे एकटा पियानो आणि दुसरीकडे साठसत्तर वादकांचा ताफा, ह्यांची ती जणू जुगलबंदीच होती. ती ऐकून हा मुलगा भारून गेला. त्याने डॉ. माणेक भगत ह्यांच्याकडे चार वर्षे पियानोचे शिक्षण घेतले. त्याच सुमारास कॉलेजचा अभ्यासही चालू होताच. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषय घेऊन १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविली. अशा पदवीधरास त्या काळी चांगली नोकरी सहज मिळाली असती. भाटिया मात्र विलायतेस गेले, ते संगीत शिकावयास.

आपल्या संगीतात आणि पाश्चात्त्य संगीतात एक मोठा फरक आहे. तो समजल्यावाचून ह्या शिक्षणाचे मोल कळावयाचे नाही. आपल्याकडे गवई एका वेळी एकच स्वर लावतो. 'सा' वरून 'ग' वर आणि 'ग' वरून 'प' वर त्याचा आवाज जातो. तंबोरा मागे आधार देत असतो. परंतु सारी शोभा त्या एका धाग्याच्या वळणांत असते. युरोपात हळूहळू निराळी रीत रूढ झाली. तेथे एकजण 'सा' गात असताना त्याच क्षणी दुसरा 'ग' गातो आणि तिसरा 'प' गातो. तिन्ही स्वर एकमेकांत मिसळून एक नवाच ध्वनी उमटतो. त्यास स्वरसंवाद म्हणता येईल. ह्याही पुढची पायरी म्हणजे दोन किंवा तीन निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालविणे. वर्गातील मुलांचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने एखादे बडबडगीत सुरू करावे आणि तो दुसऱ्या ओळीवर आला, की दुसऱ्या गटाने पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी. प्रथम गोंधळ माजेल. परंतु चाल योग्य निवडली असेल, तर थोड्याच वेळात दोन्ही ओळी एकमेकींस शोभू लागतील. मोठ्या रचनांत हीच गोष्ट शेकडो पटींनी अवघड करून साधलेली असते. कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजवावा, हे सारे रचनाकार आधीच कागदावर लिहून ठेवतो. वादकाने त्यात पदरचे काही घालावयाचे नसते.

हे लेखन शिकण्यासाठी भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक ह्या संस्थेत दाखल झाले. तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश आणि विल्यम ऑल्विन हे त्यांचे शिक्षक होते. त्यांपैकी ऑल्विन ह्यांनी अनेक इंग्रजी चित्रपटांना संगीत दिले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५४ साली सुवर्णपदक मिळवून भाटिया तेथून बाहेर पडले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले आणि १९५९ पर्यंत नादिया बूलांजे ह्या विदुषीच्या हाताखाली शिकले. बूलांजेबाईंइतक्या नामवंत शिष्यांना घडविणारा संगीतशिक्षक विसाव्या शतकात विरळाच झाला असेल. त्यांच्याकडे जगाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येत. अर्जेंटिना देशाचे पियाझोला हे त्यांतले एक. ते आपल्या देशात टँगो नावाच्या नृत्याचे संगीत वाजवून पोट भरीत असत. परंतु बाईंना ते सांगण्याची त्यांना लाज वाटे. एके दिवशी बाईंनी त्यांच्याकडून ते वाजवून घेतले आणि हेच तुमचे खरे संगीत आहे, ह्यास कधी सोडू नका, असे बजावले. लोकांच्या रोजच्या करमणुकीच्या संगीतास कमी लेखू नये, ही दृष्टी त्या घराण्याची होती असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५९ साली भाटिया मायदेशी परतले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. लंडनचे सुवर्णपदक आणि पॅरिसची पाच वर्षे त्यांच्या गाठीशी होती. परंतु ही विद्या चालवावयाची कोठे? साठसत्तर वादकांसाठी लिहिलेली रचना वाजविण्यास तितके वादक हवेत, त्यांना महिन्याच्या महिन्यास वेतन हवे आणि ऐकणारे श्रोतेही हवेत. असा कायम स्वरूपाचा, व्यावसायिक वाद्यवृंद तेव्हा मुंबईत नव्हता. तो मुंबईत उभा राहावयास २००६ साल उजाडावे लागले. मूर्तिकाराने छिन्नी चालविण्यात प्रावीण्य मिळवावे आणि गावी परतल्यावर तेथे दगडच नाही असे दिसून यावे, तशी ही अवस्था होती.

दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक म्हणून १९६० ते १९६५ ह्या काळात त्यांनी काम केले. पण त्यांच्या हातांना खरे काम मिळाले ते एका अनपेक्षित ठिकाणी. मुंबईच्या शक्ती सिल्क मिल्स ह्या कापडाच्या गिरणीस आपल्या मालाची जाहिरात चित्रपटगृहात दाखवावयाची होती. त्या जाहिरातपटास संगीत हवे होते. ते भाटियांनी रचले. युरोपात शिकून आलेल्या पंडिताने रेशमी कापडाच्या जाहिरातीस चाल लावावी, ह्याचे कोणास नवल वाटले असेल, कोणी नाकही मुरडले असेल. भाटियांनी ते काम घेतले आणि पुढे कित्येक वर्षे चालू ठेवले.

जाहिरातीस चाल लावणे ही सोपी गोष्ट आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो कसा खोटा आहे, हे थोडे गणित केल्यास दिसून येईल. चित्रपटाची फीत यंत्रातून जाते तेव्हा दर सेकंदास २४ चित्रे पडद्यावर पडतात. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत ७२० चित्रे झाली. चित्रपटगृहात त्या काळी चालणाऱ्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एवढी चित्रे मावण्यास ४५ फूट लांबी लागे. जाहिरात देणाऱ्याने पैसे मोजलेले असतात ते एवढ्याच फितीचे. त्यामुळे संगीतकाराने छेचाळिसाव्या फुटावर सम गाठून भागत नाही.

आता असे समजावे, की चाल त्रितालात बांधावयाची आहे. त्रितालाचे एक आवर्तन सोळा मात्रांचे. एका सेकंदात बरोबर दोन मात्रा पडतील अशी लय धरली, तर तीस सेकंदांत साठ मात्रा होतात. म्हणजे तीन आवर्तने पुरी होऊन चौथे बारा मात्रांवर तुटते. ऐकणाऱ्यास काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. तीच लय किंचित वाढवून तीस सेकंदांत चौसष्ट मात्रा बसविल्या, तर बरोबर चार आवर्तने होतात. पहिल्या आवर्तनात ऐकणाऱ्याचे लक्ष वेधावयाचे, दुसऱ्यात चाल त्याच्या ओळखीची करावयाची, तिसऱ्यात तिला थोडा पालट द्यावयाचा आणि चौथ्यात वस्तूचे नाव नेमके ठाशीव जागी आणून सोडावयाचे. मैफिलीत गवई रागाचे रूप उभे करण्यास अर्धा तास घेतो. येथे आलापास सवड नाही, तानेस जागा नाही आणि चुकलेला स्वर पुढे सावरून घेण्यास वेळही नाही. शिवाय चाल इतकी सोपी हवी, की एकदा ऐकून ती मुलाच्याही तोंडी बसावी. आणि इतकी साधीही नको, की दहाव्या वेळी तिचा कंटाळा यावा. चार ओळींचे पत्र लिहिणे चार पानांच्या पत्राहून अवघड असते, हे ज्याने लिहून पाहिले आहे त्यास ठाऊक आहे.

ध्वनिमुद्रणाची त्या काळची पद्धतही कसोटी पाहणारी होती. आजच्याप्रमाणे प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करून मागाहून जोडण्याची सोय नव्हती. सर्व वादक एकाच दालनात बसत आणि एकदमच वाजवीत. एकाच्या हातून चूक झाली, की सर्वांनी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावयाची. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिन, ट्रंपेट इत्यादी वाद्ये वाजविणारे पुष्कळ वादक गोव्याचे असत. गोव्यातील चर्चच्या शाळांतून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, त्यामुळे समोर ठेवलेला कागद पाहून ते प्रथमदर्शनीच वाजवू शकत. ही मंडळी मुंबईस नसती, तर पाश्चात्त्य रीतीने लिहिलेले संगीत कागदावरच राहिले असते. चित्रपटसंगीताच्या इतिहासात ह्या वादकांचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

आरंभी जाहिरातींचे सूर चित्रपटगृहात आणि सिलोनच्या नभोवाणीवरच ऐकू येत. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारती केंद्रांवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही त्या दिसू लागल्या. अशा रीतीने हे अर्ध्या मिनिटाचे संगीत घराघरांत पोहोचले. लिरिल साबण, गार्डन वरेली ह्यांच्या साड्या, ड्यूलक्सचे रंग अशा कितीतरी वस्तूंच्या जाहिरातींना भाटियांनी संगीत दिले. लिरिलच्या जाहिरातीत धबधब्याखाली न्हाणारी एक तरुणी दाखविली होती. तिच्या गुणांचे वर्णन करणारे मोठे गीत त्यात नाही. अर्थहीन अक्षरांवर बांधलेली एक खेळकर चाल आहे, इतकेच. पाण्याचा गारवा आणि अंगावर येणारा शहारा हे सारे त्या चालीनेच सांगावयाचे होते. जेथे शब्द थांबतात तेथे संगीतकाराची परीक्षा सुरू होते, आणि ह्या परीक्षेत भाटिया पुरे उतरले असे म्हटले पाहिजे.

जाहिरातपटांच्याच व्यवसायात तेव्हा एक तरुण दिग्दर्शक काम करीत होते. त्यांचे नाव श्याम बेनेगल. १९७४ साली बेनेगल ह्यांनी 'अंकुर' हा आपला पहिला मोठा चित्रपट काढला आणि त्याचे संगीत भाटियांकडे सोपविले. खेड्यातील एका जमीनदाराच्या अन्यायाची ती कथा आहे. हिंदी चित्रपट म्हटला की सातआठ गाणी असावयाचीच, असा तो काळ होता. 'अंकुर'मध्ये तशी गाणी नाहीत आणि पार्श्वसंगीतही अगदी मोजके आहे.

पार्श्वसंगीत म्हणजे पडद्यावरील प्रसंगाच्या पाठीमागे वाजणारे संगीत. पात्र रडू लागले की सारंगी वाजवावयाची आणि खलपुरुष आला की ढोल बडवावयाचा, ही त्याची सोपी रीत झाली. परंतु जे डोळ्यांना दिसतच आहे तेच कानांना पुन्हा सांगण्यात काय स्वारस्य? पात्र ओठांनी हसत असेल आणि मनात भ्यालेले असेल, तर संगीताने ते भय सांगावे. आणि प्रसंग स्वतःच पुरेसा बोलका असेल, तर संगीताने गप्प राहावे. कोठे वाजवू नये हे कळण्यास फार मोठी जाण लागते. तीस सेकंदांत एकही स्वर वाया घालवावयाचा नाही, ही सवय जाहिरातींनी भाटियांच्या हातास लावली होती. ती येथे उपयोगी पडली असावी.

पुढील वीस-बावीस वर्षांत बेनेगल ह्यांच्या बहुतेक चित्रपटांना भाटियांनीच संगीत दिले. त्यांपैकी दोहोंचा विशेष उल्लेख केला पाहिजे.

'मंथन' हा चित्रपट १९७६ साली निघाला. गुजरातेतील दूध-उत्पादकांनी सहकारी संस्था कशी उभी केली, हा त्याचा विषय. तेथील पाच लक्ष शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ह्या चित्रपटासाठी भांडवल उभारले. ज्यांची कथा, त्यांचाच पैसा! अशा चित्रपटात शहरी थाटाचे गाणे शोभले नसते. भाटियांनी गुजराती लोकगीतांच्या वळणाची एक चाल बांधली. भाटियांचे मूळ कच्छकडचे. त्या मातीतील सूर त्यांना परके नव्हते. युरोपात शिकलेली सारी विद्या त्यांनी ह्या गीतात अशी लपविली आहे, की ते कोणी रचलेच नसावे, दूध काढता काढता गवळणींच्या तोंडून आपोआप आले असावे, असा भास होतो. प्रीती सागर ह्यांनी ते गायिले आणि त्याबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे गंमत अशी झाली, की दुधाच्या सहकारी चळवळीतून वाढलेल्या अमूल ह्या संस्थेने हीच चाल आपल्या जाहिरातीत वापरली. जाहिरातीचा संगीतकार चित्रपटात गेला होता. आता त्याचे चित्रपटगीत जाहिरातीत आले. ह्या पाठाच्या आरंभी आलेले मूल दुधाची जी चाल गुणगुणत होते, ती बहुधा हीच असेल.

दुसरा चित्रपट 'भूमिका' हा होय. तो १९७७ साली प्रदर्शित झाला. मराठी अभिनेत्री हंसा वाडकर ह्यांच्या 'सांगत्ये ऐका' ह्या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे. नायिका बोलपटांच्या जुन्या जमान्यात गाणी गाते व नाचते, तेव्हा तिची गाणीही त्या त्या काळची वाटली पाहिजेत. जुन्या बोलपटांतील गायनाची ढब, वाद्यांचा मेळ, शब्दांची फेक ह्या साऱ्यांचा अभ्यास करून तशी नवी गाणी रचावयाची, हे काम बहुरूप्याचे आहे. ह्या चित्रपटासाठी किराणा घराण्याचे गायक फिरोज दस्तूर गायिले. हेच दस्तूर लहानपणी, १९३३ च्या सुमारास, बोलपटांतून गात व काम करीत असत. ज्या काळाची नक्कल करावयाची, त्या काळाचा खरा आवाजच भाटियांना मिळाला!

ह्यांखेरीज १८५७ च्या बंडावरील 'जुनून', महाभारताचे सूत्र आजच्या कारखानदारांच्या घराण्यास लावणारा 'कलियुग', पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील गोव्याचे चित्र रेखाटणारा 'त्रिकाल', आणि दुसऱ्या दिग्दर्शकांचे '३६ चौरंगी लेन' व 'जाने भी दो यारो' असे अनेक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. प्रत्येकाचा काळ वेगळा, प्रांत वेगळा, भाषेचा डौल वेगळा.

१९८८ हे साल त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. देशाच्या फाळणीच्या वेळी सामान्य माणसांवर ओढवलेल्या संकटांची भीष्म साहनी ह्यांनी लिहिलेली 'तमस' ही कादंबरी गोविंद निहलानी ह्यांनी पडद्यावर आणली आणि ती दूरदर्शनवरून दाखविण्यात आली. तिच्या संगीताबद्दल भाटियांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बेनेगल ह्यांची 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका सुरू झाली. पंडित नेहरूंच्या इतिहासविषयक ग्रंथावर ती रचलेली होती. प्रत्येक भागाच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त ऐकू येई. सृष्टी निर्माण होण्यापूर्वी काय होते, हे कोणास ठाऊक आहे काय, असा प्रश्न त्या सूक्तात एका प्राचीन ऋषीने विचारला आहे. एवढ्या गंभीर प्रश्नास चाल कशी लावावयाची? भाटियांनी ते अनेक कंठांच्या समूहस्वरात बसविले. आरंभी मूळ संस्कृत ऋचा आणि पुढे वसंत देव ह्यांनी केलेला हिंदी अनुवाद, असा तो क्रम होता. सूक्त सुरू झाले म्हणजे घरातील बोलणी थांबत, असे त्या वेळचे लोक आजही सांगतात. ज्या हाताने साबणाची खेळकर चाल लिहिली, त्याच हाताने हे सूक्तही स्वरबद्ध केले. पुढच्याच वर्षी संगीत नाटक अकादमीने आणि २०१२ साली भारत सरकारने 'पद्मश्री' देऊन त्यांचा गौरव केला.

आणि तरीही भाटियांच्या मनातील एक जागा रिकामी होती. लंडन-पॅरिसला ते ज्यासाठी गेले होते, ते हे नव्हे. पोटासाठी जाहिराती आणि चित्रपट चालू असताना ते पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी, गायनासाठी स्वतंत्र रचना लिहीतच होते. ह्यांपैकी सर्वांत मोठी रचना 'अग्निवर्षा' ही होय. महाभारताच्या वनपर्वात यवक्रीताची कथा आहे. तीवर गिरीश कार्नाड ह्यांनी नाटक लिहिले आणि त्या नाटकावरून भाटियांनी पाश्चात्त्य पद्धतीचे संगीतक, म्हणजे ऑपेरा, रचले. त्याचे पहिले दोन अंक २०१२ साली रंगभूमीवर आले. पण ते मुंबईत नव्हे, तर न्यूयॉर्क येथे! रचनाकार तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते.

उतारवयात भाटियांना ओढगस्तीला तोंड द्यावे लागले. जाहिरातीची चाल एकदा मोबदला घेऊन दिली, की ती देणाऱ्याची राहत नसे. मग ती हजार वेळा वाजो की लक्ष वेळा, संगीतकाराच्या पदरी नवे काही पडत नसे. कापड विकले गेले, रंग खपला, साबणाचे कारखाने चालले; चालीच्या कर्त्याचा त्यात वाटा नव्हता. नव्या धाटणीच्या संगीताचे दिवस आले, तशी कामेही कमी झाली. २०१९ साली त्यांच्या हलाखीचे वृत्त वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, तेव्हा काही संस्था व चित्रपटसृष्टीतील मंडळी मदतीस धावली. त्यात पुष्कळांस प्रथमच कळले, की आपण इतकी वर्षे जे गुणगुणत आलो, त्याचा कर्ता मुंबईतच राहतो.

त्याच वर्षीच्या जानेवारीत जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा मुंबईस आले होते. त्यांनी आपल्या कार्यक्रमात भाटियांची 'रेव्हरी' ही रचना वाजविली. तीत कोणतीही वस्तू विकावयाची नव्हती आणि पडद्यावर कोणतेही चित्र हलत नव्हते. चेलोचे सूर आणि ते ऐकणारा मुंबईचा श्रोतृवृंद, इतकेच होते.

७ मे २०२१ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वनराज भाटिया ह्यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी 'मंथन'ची जुनी, खराब झालेली फीत दुरुस्त करण्यात आली आणि मे १९२४ नव्हे, तर मे २०२४ मध्ये, म्हणजे चित्रपट निघाल्यावर ४८ वर्षांनी, ती फ्रान्समधील कान येथील महोत्सवात दाखविली गेली. ज्या देशात बूलांजेबाईंच्या समोर बसून एका भारतीय तरुणाने पाच वर्षे स्वरलेखन गिरविले होते, त्याच देशात त्या दिवशी गुजरातेतील गवळणींचे ते गाणे वाजले.